कोपऱ्याचा भूखंड : दोन रस्त्यांची जबाबदारी

भूखंड विकत घेताना कोपऱ्याचा भूखंड मिळावा, अशी बहुतेकांची इच्छा असते. दोन बाजूंनी वारा, दोन बाजूंनी उजेड, पुढेमागे एखादे दुकान काढण्याची सोय आणि दोन रस्त्यांना लागून असल्याने वाढती किंमत हे त्याचे फायदे सर्वांना ठाऊक असतात. मात्र त्या भूखंडाबरोबर येणाऱ्या जबाबदारीची कल्पना खरेदीखतावर सही करताना क्वचितच कोणाला असते. पुढे बांधकामाचा नकाशा मंजुरीसाठी दाखल झाला, की दोन्ही रस्त्यांच्या बाजूंना मोकळी जागा सोडण्याची अट समोर येते आणि कुंपणाची भिंत कोपऱ्याशी कमरेपेक्षाही कमी उंचीची ठेवावी लागते, हे कळते. मग कार्यालयात वाद सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी असा एक वाद प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला. निवृत्त शिक्षक असलेल्या एका सद्‌गृहस्थांनी आपल्या कोपऱ्याच्या घराभोवती सुमारे सहा फूट उंचीची सलग भिंत बांधली होती. चोरीची भीती आणि रस्त्यावरून घरात डोकावणाऱ्यांचा त्रास ही त्यांची कारणे होती आणि ती खोटी नव्हती. त्याच कोपऱ्यावर एके सकाळी शाळेला निघालेल्या मुलीच्या सायकलीला आडव्या रस्त्याने आलेल्या दुचाकीची धडक बसली. मुलगी वाचली, परंतु पाय मोडल्यामुळे तिचे वर्ष वाया गेले. दुचाकीस्वार वेगात नव्हता, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. दोघांनीही एकमेकांना पाहिले ते धडकेच्या क्षणी. नोटीस मिळाल्यावर गुरुजी कार्यालयात आले आणि म्हणाले, “साहेब, दोन्ही रस्ते माझ्याच अंगाला आले हा काय माझा गुन्हा? मधल्या घरवाल्याने एका बाजूला जागा सोडायची आणि मी दोन बाजूंना?”

हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर नियमाचा क्रमांक सांगून देता येत नाही. नियमामागील कारण समजावून दिले, तरच ते पटते. प्रस्तुत लेखात ते कारण, त्याचे गणित आणि त्याविषयीच्या तरतुदी यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

दृष्टित्रिकोण म्हणजे काय?

दोन रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, अशी कल्पना करा. एका रस्त्याने एक वाहन छेदबिंदूकडे येत आहे, दुसऱ्या रस्त्याने दुसरे. दोन्ही चालकांनी एकमेकांना वेळीच पाहायचे असेल, तर पहिल्या चालकाच्या डोळ्यापासून दुसऱ्या वाहनापर्यंतची सरळ रेषा मोकळी असली पाहिजे. ही तिरपी रेषा आणि दोन रस्त्यांच्या मध्यरेषा मिळून जो त्रिकोण होतो, त्याला दृष्टित्रिकोण म्हणतात. या त्रिकोणाचा काही भाग रस्त्यावर पडतो आणि काही भाग नेमका कोपऱ्याच्या भूखंडात पडतो. मधल्या भूखंडाचा या त्रिकोणाशी बहुधा संबंध येत नाही. गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

आता हा त्रिकोण किती मोठा असावा? वाहन थांबण्यास जेवढे अंतर लागते, तेवढ्या अंतरावरून समोरचा धोका दिसला पाहिजे. या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत वाहन पूर्वीच्याच वेगाने जात राहते. इंडियन रोड्स काँग्रेसने आपल्या मानकांत या काळासाठी २.५ सेकंद धरले आहेत. ब्रेक लागल्यानंतर चाकांच्या घर्षणाने वाहन थांबेपर्यंतचे अंतर हा दुसरा भाग होय. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन पहिल्या २.५ सेकंदांत सुमारे २१ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ९ मीटर जाऊन थांबते. म्हणजे एकूण ३० मीटर. याच रीतीने ताशी २० किलोमीटर वेगाला २० मीटर, ४० किलोमीटरला ४५ मीटर आणि ५० किलोमीटरला ६० मीटर ही अंतरे मानकांत दिली आहेत. वेग अडीचपट झाला, तर अंतर तिप्पट होते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गुरुजींच्या कोपऱ्याचे गणित

गुरुजींच्या घराजवळील दोन्ही रस्ते ९ मीटर रुंदीचे होते. म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेपासून भूखंडाची हद्द ४.५ मीटरवर. गणित सोपे राहावे म्हणून दोन्ही वाहने मध्यरेषेवरून येत आहेत आणि छेदबिंदूपासून सारख्याच अंतरावर आहेत, असे धरू.

हद्दीच्या टोकापर्यंत सलग उंच भिंत असेल, तर दोन्ही चालक छेदबिंदूपासून ९ मीटरवर येईपर्यंत एकमेकांना दिसत नाहीत. ताशी २० किलोमीटर हा सायकलीपेक्षा थोडाच अधिक वेग आहे. त्या वेगानेही २.५ सेकंदांत वाहन जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच दोघेही चौकाच्या मध्यभागी पोहोचलेले असतात. अशा ठिकाणी चालकाचे कौशल्य उपयोगी पडत नाही. त्या मुलीचा किंवा त्या दुचाकीस्वाराचा दोष शोधणे म्हणूनच व्यर्थ होते.

आता नियमांनी काय फरक पडतो ते पाहू. पहिला नियम कोपरा गोल करण्याचा. काटकोनात मिळणाऱ्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, छेदबिंदूपासून रस्त्याच्या निम्म्या रुंदीइतकी स्पर्शिका धरून हद्द गोलाकार करावी, असे विकास नियंत्रण नियमांत सांगितले आहे. ९ मीटरच्या रस्त्यांसाठी ही स्पर्शिका ४.५ मीटरची होते. यात भूखंडाच्या टोकाचे सुमारे ४.३५ चौरस मीटर क्षेत्र जाते, म्हणजे दोन खाटा मावतील एवढी जागा. त्यामुळे ९ मीटरची दृष्टी सुमारे ११.६ मीटर होते आणि मोठे वाहनही सहज वळू शकते.

दुसरा नियम सामासिक अंतराचा. इमारत दोन रस्त्यांना लागून असेल, तर ती प्रत्येक रस्त्यासमोर असल्याप्रमाणे दोन्हीकडून मागे घ्यावी लागते. गोलाईपासूनही तेवढेच अंतर सोडावे लागते. हे अंतर ३ मीटर आहे असे धरले आणि कुंपण दृष्टीच्या आड येत नसेल, तर दृष्टी सुमारे १६ मीटरपर्यंत वाढते. मात्र कुंपण आड येत असेल, तर इमारत कितीही मागे घेतली तरी उपयोग होत नाही. म्हणून तिसरा नियम कुंपणाच्या उंचीचा.

कुंपणाची भिंत सर्वसाधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटरपेक्षा उंच नसावी. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा किंवा गजांचा असा आरपार दिसणारा असेल, तर २.४ मीटर उंचीपर्यंत परवानगी मिळू शकते. परंतु कोपऱ्याच्या भूखंडाला, चौकाच्या दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत केवळ ०.७५ मीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट ठेवावी लागते. त्यावरील ०.७५ मीटर उंची हवी असल्यास गजांची किंवा जाळीची करता येते. राष्ट्रीय इमारत संहितेतही हीच तरतूद आहे.

हे आकडे उगाच ठरविलेले नाहीत, हे थोडे मोजले की कळते. १६ मीटरवरून १६ मीटरवर जाणारी दृष्टिरेषा गुरुजींच्या हद्दीला कोपऱ्यापासून सुमारे ७ मीटरवर छेदते. १० मीटरच्या ठेंगण्या भिंतीत ही रेषा थोडी शिल्लक ठेवून सामावते. रस्त्याच्या आखणीत मोटारचालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरला जातो. पहिलीत जाणारे मूलही उंचीने साधारण तेवढेच असते. पाऊण मीटरच्या भिंतीवरून चालकाला मुलाचे डोके व खांदे दिसतात आणि मुलालाही वाहन दिसते. भिंत दोन हात वाढविली, की दोघेही एकमेकांना नाहीसे होतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. १६ मीटरची दृष्टी ताशी १८ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला पुरते. त्याहून अधिक वेगाला ती पुरत नाही. म्हणून भूखंडधारकाने सर्व नियम पाळले, तरी चौक आपोआप सुरक्षित होत नाही. निवासी भागातील चौकात वेग कमी राहील अशी व्यवस्था, थांबण्याच्या खुणा, योग्य जागी योग्य आकाराचे गतिरोधक आणि रात्रीचा दिवा ही कामे स्थानिक संस्थेची आहेत. नागरिकाकडून त्याचा वाटा मागताना आपला वाटा पूर्ण झाला आहे काय, हे संबंधित कार्यालयानेही पाहिले पाहिजे.

मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे लहान रस्त्याच्या वाहनाने थांबावे, अशी अपेक्षा असते. म्हणून लहान रस्त्यावर १५ मीटर आणि मोठ्या रस्त्यावर त्या रस्त्याच्या वेगानुसार दृष्टी मोकळी असावी, असे मानक आहे. मोठ्या रस्त्यावरील वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर हे अंतर ११० मीटर होते. ८ सेकंदांत वाहन तेवढे येते आणि थांबलेल्या माणसाला रस्ता ओलांडण्यास तेवढा अवधी लागतो.

कायद्याची बैठक

आपल्या राज्यात नगररचनेची परंपरा जुनी आहे. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. पुढे १९५४ चा कायदा आला आणि त्याची जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने घेतली. या अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये विकासासाठी अर्ज करावा लागतो, कलम ४५ अन्वये नियोजन प्राधिकरण परवानगी देते आणि परवानगीविना किंवा परवानगीविरुद्ध झालेल्या बांधकामाविषयी कलम ५२ व ५३ अन्वये कारवाई होते. २०२० च्या डिसेंबरपासून बृहन्मुंबई व काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कोपरा गोल करणे, सामासिक अंतर आणि कुंपणाची उंची यांविषयीचे नियम तीत आहेत. सामासिक अंतर रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र आणि इमारतीची उंची यांनुसार बदलते. दाट वस्तीच्या जुन्या भागासाठी ते वेगळे आहे. म्हणून वरील उदाहरणातील ३ मीटर हा आकडा सर्वत्र लागू आहे असे समजू नये. प्रत्येक प्रकरणी नियमावलीतील तक्ता पाहावा.

शहरांत रस्त्याची नियमित रेषा ठरविण्याचा अधिकार महानगरपालिकांना आहे. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमात कलम २९७ आणि इतर महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कलम २१० त्यासाठी आहे. गावपातळीवर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ बांधकामावरील नियंत्रणाविषयी आणि कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमण यांविषयी आहे. पंचायत सदस्यांनी ही दोन कलमे मुळातून वाचावीत.

मालकाचे नुकसान किती?

आता गुरुजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग. १२ मीटर रुंद व १५ मीटर खोल असा १८० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. समोर ३ मीटर आणि इतर बाजूंना १.५ मीटर अंतर सोडावयाचे आहे, असे समजू. मधल्या भूखंडात जोत्यासाठी ९ गुणिले १०.५, म्हणजे ९४.५ चौरस मीटर जागा उरते. कोपऱ्याच्या भूखंडात एक बाजू १.५ ऐवजी ३ मीटर सोडावी लागल्याने ७.५ गुणिले १०.५, म्हणजे ७८.७५ चौरस मीटर उरते. फरक १५.७५ चौरस मीटरचा, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीएवढा.

परंतु चटईक्षेत्र भूखंडाच्या क्षेत्रफळावर मोजले जाते, जोत्यावर नव्हे. चटईक्षेत्र निर्देशांक १ आहे असे धरले, तर दोन्ही मालकांना १८० चौरस मीटर बांधता येते. मधला मालक ते दोन मजल्यांत बसवील. कोपऱ्याच्या मालकाला दोन मजल्यांत १५७.५ चौरस मीटर मिळतील आणि उरलेल्या २२.५ चौरस मीटरसाठी तिसऱ्या मजल्यावर एक खोली काढावी लागेल. त्याचा हक्क कमी होत नाही, त्याची मांडणी बदलते. मोकळी सोडलेली जागाही त्याच्याच मालकीची राहते. तेथे बाग फुलविण्यास कोणाची हरकत नसते. रस्ता रुंद करण्यासाठी प्रत्यक्ष जमीनच घ्यावयाची असेल, तर मात्र १९६६ च्या अधिनियमातील कलम १२६ ची तरतूद लागू होते आणि मोबदला किंवा त्याऐवजी चटईक्षेत्र अथवा हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो. मोकळी ठेवण्याची जागा आणि घेण्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नागरिकांना प्रारंभीच समजावून सांगितल्यास निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

भिंतीशिवाय इतर अडथळे

कोपरा केवळ भिंतीनेच आंधळा होतो असे नाही. गजांच्या कुंपणावर लावलेला पत्रा, हिरवी जाळी, दाट वाढलेली मेंदी किंवा बोगनवेल, बांधकामासाठी टाकलेला विटांचा ढीग, कोपऱ्यावरची टपरी, कचऱ्याची पेटी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक हे सर्व तेच काम करतात. चौकाजवळ व वळणावर वाहन उभे करण्यास मनाई आहे ती याच कारणाने. अनधिकृत फलकांसाठी मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा अधिनियम आहे. फाटक रस्त्याकडे उघडणारे नसावे, ते आतल्या बाजूलाच उघडले पाहिजे, हाही नियम पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

जुन्या गावठाणात अंतर सोडण्यास जागाच नसते, ही अडचण खरी आहे. तेथील घरे बैलगाडीच्या काळातील आहेत. काही वाड्यांच्या कोपऱ्याशी रोवलेला दगड अजून दिसतो. गाडीच्या आसाचा धक्का भिंतीला बसू नये, म्हणून तो रोवलेला असे. अशा ठिकाणी घर पाडा म्हणणे व्यवहार्य नाही. मात्र घराची पुनर्बांधणी होईल, तेव्हा कोपरा छाटून घेणे आणि तोपर्यंत चौक मोकळा ठेवून वाहनांचा वेग कमी करणे, एवढे करता येते.

अधिकारी व पंचायत सदस्यांसाठी

परवानगी देताना नकाशावर दोन्ही रस्ते, त्यांची रुंदी, कोपऱ्याची गोलाई आणि कुंपणाची उंची दाखविलेली आहे ना, हे पाहावे. पुष्कळ नकाशांत घर काटेकोर असते आणि कुंपण मुळीच नसते. जोत्याची तपासणी करताना अंतर दोन्ही रस्त्यांकडून मोजावे. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी कुंपण प्रत्यक्ष पाहावे, कारण भिंत बहुधा सर्वांत शेवटी बांधली जाते. जुन्या भिंतींबाबत प्रथम समजूत घालावी. ग्रामसभेत गावातील धोक्याच्या कोपऱ्यांची यादी करून शाळेच्या वाटेवरचे कोपरे आधी हाती घ्यावेत. शाळा, समाजमंदिर, पंचायतीचे कार्यालय अशा सार्वजनिक इमारतींच्या भिंती कोपऱ्यावर असतील, तर आरंभ तेथूनच व्हावा. आपली भिंत उंच ठेवून दुसऱ्याची उतरविण्यास सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

शिक्षकांसाठी

भूमितीच्या तासाला हा पाठ मैदानावर घेता येईल. फक्कीने ९ मीटर रुंदीचे दोन आडवे-उभे रस्ते आखावेत. कोपऱ्यावर चादर ताणून भिंत करावी. दोन विद्यार्थ्यांना दोन रस्त्यांच्या मध्यरेषेवरून सारख्या पावलांनी छेदबिंदूकडे चालवावे आणि एकमेकांना प्रथम दिसतील त्या जागी थांबवून अंतर मोजावे. नंतर चादर पाऊण मीटर उंचीवर आणून पुन्हा मोजावे. त्रिकोण, स्पर्शिका, वेग आणि अंतर यांचा अर्थ त्या दिवशी जसा कळेल, तसा फळ्यावर कळत नाही. हा प्रयोग शाळेच्या आवारातच करावा, रस्त्यावर करू नये.

गुरुजींच्या बाबतीत असेच झाले. कनिष्ठ अभियंत्याने नोटीस बाजूला ठेवली, एक दोरी घेतली आणि म्हणाला, “गुरुजी, एकदा बाहेर येता का?” दोरीचे एक टोक एका रस्त्यावर, दुसरे दुसऱ्या रस्त्यावर धरून त्यांनी ती भिंतीच्या टोकाला टेकविली. गुरुजींनी पावलांनी अंतर मोजले, मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी गणितच शिकविले होते. पुढच्या महिन्यात कोपऱ्याची भिंत उतरली, त्यावर गज बसले आणि आत जास्वंदीऐवजी ठेंगणी झेंडूची रोपे लागली. पंचायतीनेही दिव्याचा खांब बसविला आणि रस्त्यावर थांबण्याच्या पट्ट्या आखल्या.

कोपऱ्याच्या घराचा मालक आपल्या अंगणातील काही हात जागेवरून परक्यांच्या मुलांना पलीकडचे पाहू देतो. त्याचीही मुले दुसऱ्या कोणाच्या कोपऱ्यावरून रोज जात असतात. नियमांच्या पुस्तकातील ०.७५ मीटर आणि १० मीटर या आकड्यांमागे एवढाच परस्पर विश्वास आहे. तो लोकांपर्यंत पोहोचविणे हे अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी या सर्वांचे समान कर्तव्य आहे.